सोरायसिस आणि मद्यपान : एक दुष्टचक्र व त्यातून सुटका

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. ऊन, वारा, धूळ आणि रोगजंतू यांपासून शरीराचे रक्षण करण्याचे कार्य ती अहोरात्र करीत असते. इतर अवयवांचे आजार शरीरात दडून राहतात. त्वचेचा आजार मात्र चारचौघांच्या दृष्टीस पडतो. त्यामुळे त्वचारोगाने पीडित झालेल्या व्यक्तीस व्याधीच्या त्रासाबरोबरच लोकांच्या नजरांचा, शंकाकुशंकांचा आणि कित्येकदा अवहेलनेचाही भार वाहावा लागतो.

सोरायसिस हा अशाच व्याधींपैकी एक चिवट आणि वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे. या आजाराचा मद्यपानाशी निकटचा संबंध असल्याचे गेल्या काही दशकांतील वैद्यकीय संशोधनातून दिसून आले आहे. हा संबंध दुहेरी आहे. मद्यामुळे व्याधी बळावण्याची शक्यता वाढते आणि व्याधीच्या मनस्तापामुळे रुग्ण मद्याकडे ओढला जातो. त्यातच मद्यपानाची गोष्ट डॉक्टरांपासून लपविली गेली, तर रोगावरील औषधच रुग्णाच्या यकृतावर उलटण्याचा धोका संभवतो. यास्तव हा संबंध रुग्णाने, त्याच्या कुटुंबीयांनी आणि एकंदर समाजानेही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

व्याधीचे स्वरूप

निरोगी माणसाच्या बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि सुमारे महिनाभराने मृत होऊन नकळत गळून पडतात. सोरायसिसमध्ये शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत बिघाड होतो. या यंत्रणेतील पेशी त्वचेत दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडू लागतात. परिणामी, एरवी महिनाभर चालणारा पेशींचा हा प्रवास अवघ्या तीन ते पाच दिवसांत उरकला जातो. अपक्व पेशींचे थर एकावर एक साचतात आणि कोपर, गुडघे, कंबरेचा मागील भाग व डोके या ठिकाणी लालसर, जाड चट्टे उमटतात. त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. डोक्यावरील चट्टे पुष्कळदा साधा कोंडा समजले जातात, तर अंगावरील चट्टे नायटा समजून औषधाच्या दुकानातून आणलेली मलमे महिनोन्‌महिने चोळली जातात. काही रुग्णांच्या नखांवर बारीक खड्डे पडतात. शंभरांपैकी तीसपर्यंत रुग्णांमध्ये पुढे सांध्यांनाही सूज येते व वेळीच उपचार न झाल्यास सांधे वाकडे होतात.

भारतात प्रसिद्ध झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांनुसार प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के एवढे आहे आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये तो सुमारे दुप्पट आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी मे २०१४ मध्ये ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, वेदनादायक आणि माणसास विद्रूप व असमर्थ करू शकणारा असंसर्गजन्य आजार असल्याचे मान्य केले. त्यानंतर २०१६ साली या संघटनेने सोरायसिसवर स्वतंत्र जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

हा आजार स्पर्शाने, एकत्र जेवल्याने अथवा एकमेकांचे कपडे वापरल्याने पसरत नाही. तथापि प्राचीन काळापासून त्याची गल्लत कुष्ठरोगाशी होत आली. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन आजार सर्वस्वी भिन्न असल्याचे स्पष्ट केले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील संवेदना कमी होते. सोरायसिसच्या चट्ट्यावर ती शाबूत असते. कुष्ठरोग आज बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. सोरायसिस मात्र उपचाराने आटोक्यात राहतो आणि अनुकूल परिस्थिती मिळताच पुन्हा डोके वर काढतो.

अशी अनुकूल परिस्थिती निर्माण करणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. आजाराची प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. तिला चेतविण्याचे काम घशाचा जंतुसंसर्ग, त्वचेस झालेली इजा, मानसिक ताण, लठ्ठपणा, धूम्रपान, काही विशिष्ट औषधे आणि हिवाळ्यातील कोरडी हवा यांपैकी कोणतीही गोष्ट करू शकते. मद्यपान हे या यादीतील एक महत्त्वाचे नाव होय.

मोजमापाचा प्रश्न

मद्यपानाविषयी बोलताना ‘थोडीशीच घेतो’ हे उत्तर नेहमी ऐकावयास मिळते. हे ‘थोडेसे’ म्हणजे किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. शरीरावर परिणाम होतो तो पेल्यातील पाण्याचा नव्हे, तर त्यातील शुद्ध मद्यार्काचा. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम यांसारख्या मद्यांत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम, तर १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. बिअर सौम्य असते, असा समज आहे. परंतु पाच टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम आणि आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजेच ‘स्ट्राँग’ बिअरची एक बाटली ही दोन मोठ्या पेगांच्या तोलाची ठरते. हातभट्टीच्या दारूचे तर कोणतेच मोजमाप नसते; तीत विषारी मिथेनॉल मिसळलेले असल्यास दृष्टी अथवा प्राणही जाऊ शकतो.

संशोधन काय सांगते

फिनलंडमधील संशोधकांनी या विषयावर केलेला एक अभ्यास १९९० साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १९ ते ५० वर्षे वयाच्या १४४ सोरायसिसग्रस्त पुरुषांची तुलना अन्य त्वचारोग असलेल्या २८५ पुरुषांशी करण्यात आली. सोरायसिस सुरू होण्यापूर्वीच्या काळात पहिल्या गटातील पुरुष दररोज सरासरी ४२.९ ग्रॅम मद्यार्क घेत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ ग्रॅम होते. वर दिलेल्या हिशेबात सांगावयाचे, तर एका गटाची सरासरी दोन मोठ्या पेगांची आणि दुसऱ्याची एका पेगाची होती. तरुण व मध्यमवयीन पुरुषांच्या बाबतीत मद्य हा सोरायसिसचा धोका वाढविणारा घटक आहे, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. त्याचबरोबर सोरायसिसमुळे मद्यपान पुढे चालू राहण्यास हातभार लागत असावा, असेही त्यांनी नमूद केले.

अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीतूनही या विषयावर प्रकाश पडला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८२,८६९ स्त्रियांच्या १९९१ ते २००५ या काळातील माहितीचा विचार करण्यात आला. या काळात त्यांपैकी १,१५० जणींना नव्याने सोरायसिस झाल्याचे आढळले. नेहमीच्या प्रकारची बिअर आठवड्यास पाच वा त्याहून अधिक वेळा घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका मद्य न घेणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे पावणेदोन पट होता. विशेष म्हणजे, सौम्य बिअर, वाईन व अन्य मद्ये यांच्या बाबतीत या अभ्यासात असा ठळक संबंध आढळला नाही. यावरून वाईन वा व्हिस्की निर्धोक आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मद्याचे यकृतावर आणि औषधांवर होणारे परिणाम बाटलीवरील नाव पाहून ठरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही.

या ठिकाणी एक खुलासा करणे न्याय्य ठरेल. मद्य हे सोरायसिसचे एकमेव अथवा अपरिहार्य कारण नव्हे. कित्येक मद्यपींना हा आजार कधीही होत नाही आणि आयुष्यात मद्याचा थेंबही न घेतलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांना, इतकेच नव्हे तर लहान मुलांनाही तो होतो. म्हणून अंगावरील चट्टे पाहून एखाद्यास दारुडा समजणे हे जितके अशास्त्रीय, तितकेच अन्यायाचे आहे. मद्याचा आजाराच्या उत्पत्तीतील वाटा नेमका किती, याविषयी संशोधकांत मतभिन्नता आहे. परंतु आजार जडल्यानंतर मद्य हे रुग्णाचे अहित करते, याविषयी वैद्यकीय जगतात एकवाक्यता आहे.

मद्य त्वचेवर कसे परिणाम करते

मद्य पोटात गेले, तरी त्याचा परिणाम त्वचेपर्यंत पोहोचतो. सोरायसिसमध्ये दाह उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचे एक प्रमुख द्रव्य असते. मद्यामुळे अशा द्रव्यांच्या निर्मितीस चालना मिळते आणि बाह्यत्वचेतील पेशींची वाढही वेगाने होऊ लागते, असे प्रयोगशाळेतील संशोधनात आढळले आहे. म्हणजे ज्या यंत्रणेत आधीच बिघाड झालेला आहे, तिलाच मद्य आणखी डिवचते.

याशिवाय मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे लाली व खाज वाढते. खाजविल्याने त्वचेस इजा होते आणि इजा झालेल्या जागी नवा चट्टा उमटणे हे तर सोरायसिसचे वैशिष्ट्यच आहे. अतिमद्यपानामुळे जंतुसंसर्गास तोंड देण्याची शरीराची शक्ती क्षीण होते, झोप बिघडते, पोटाचा घेर वाढतो. सोरायसिसच्या रुग्णांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह, यकृतातील चरबी व हृदयविकार यांचे प्रमाण मुळातच अधिक असते. मद्य या प्रत्येकात भर घालते.

औषधोपचार आणि मद्य

मद्याचा सर्वांत गंभीर परिणाम दिसून येतो तो औषधोपचारावर. सौम्य आजारात मलमे व तेलकट लेप पुरेसे होतात. आजार अंगभर पसरला असता किंवा सांधे धरले असता पोटात घ्यावयाची औषधे द्यावी लागतात. त्यांत मेथोट्रेक्सेट हे औषध अनेक दशके वापरात असून ते परिणामकारक व तुलनेने स्वल्प किमतीचे आहे. आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले थोर भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात झालेल्या संशोधनातून या औषधवर्गाचा उदय झाला, ही भारतीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

हे गुणकारी औषध यकृतास मात्र त्रासदायक ठरू शकते. म्हणूनच डॉक्टर ते सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही वेळोवेळी रक्ताची तपासणी करावयास सांगतात. मद्याचा निचरा करण्याचा भारही यकृतावरच असतो. एकाच अवयवावर दोन्ही बाजूंनी असा भार पडल्यास यकृतास सूज येणे, ते निबर होणे आणि अखेर निकामी होणे या मार्गाने रुग्णाची वाटचाल होऊ शकते. यकृत हा सोशिक अवयव आहे. त्याचा बराचसा भाग खराब होईपर्यंत बाहेरून काहीच जाणवत नाही. ‘मला तर काहीच त्रास होत नाही’ या समजुतीवर विसंबणे यासाठीच घातक होय.

मेथोट्रेक्सेट सोरायसिसकरिता आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, ही गोष्टही प्रत्येक रुग्णाने पक्की ध्यानात ठेवावी. ते चुकून दररोज घेतले गेल्यास प्राणावर बेतते. मद्याच्या अमलाखाली वार आणि मात्रा यांचे भान सुटण्याची भीती असते, हे वेगळे सांगावयास नको.

ॲसिट्रेटिन या दुसऱ्या औषधाबाबत स्त्रियांनी अधिकच दक्षता घ्यावयास हवी. हे औषध गर्भास अपायकारक आहे. मद्याच्या सान्निध्यात शरीरात त्याचे रूपांतर एट्रेटिनेट या द्रव्यात होते आणि ते द्रव्य चरबीत साठून दीर्घकाळ शरीरात राहते. म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सामान्यतः हे औषध देण्याचे टाळले जाते. दिलेच, तर उपचाराच्या काळात व त्यानंतर दोन महिने मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे लागते आणि उपचार थांबल्यावर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत व टॉनिकांतही मद्यार्क असतो. तेव्हा ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मद्यपी रुग्णाच्या हातून औषधाच्या वेळा चुकणे, तपासणीस न जाणे, मलम लावण्याचा कंटाळा करणे या गोष्टीही वारंवार घडतात. औषध लागू पडत नाही असे समजून असा रुग्ण डॉक्टर बदलीत राहतो किंवा जाहिराती वाचून अनोळखी पुड्यांच्या मागे लागतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड असल्यास चट्टे तात्पुरते मावळतात. पुडी थांबताच मात्र आजार पूर्वीपेक्षा उग्र स्वरूपात उफाळून येऊ शकतो.

दुष्टचक्र

वैद्यकीय परिणामांइतकाच या प्रश्नाचा सामाजिक भागही महत्त्वाचा आहे. अंगावर चट्टे उमटलेल्या तरुणास केशकर्तनालयात खुर्ची नाकारली जाते, बसमध्ये शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसतो, मुलीच्या लग्नाची बोलणी मोडतात, पंगतीत बसावयाचे टाळले जाते. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून रुग्ण आपले हात झाकतो. रात्री खाजेने झोप लागत नाही. या एकलेपणातून आणि निराशेतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून तो मद्यास जवळ करतो. घटकाभर विसर पडतो. परंतु सकाळी चट्टे अधिक लाल झालेले असतात, मन अधिक खिन्न झालेले असते आणि संध्याकाळी पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतात.

या दुष्टचक्राचा शेवट कोठे होऊ शकतो, हे ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने दाखविले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोरायसिसच्या ५५,५३७ रुग्णांची तुलना हा आजार नसलेल्या ८,५४,३१४ व्यक्तींशी करण्यात आली. मद्यपानामुळे ओढवणाऱ्या मृत्यूचा धोका सोरायसिसच्या रुग्णांमध्ये सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. त्यांपैकी बहुतेक मृत्यू यकृताच्या विकारांनी झाले होते. एरवी ज्या व्याधीमुळे सहसा कोणी दगावत नाही, तिच्या पाठोपाठ येणारे व्यसन मात्र प्राणघातक ठरू शकते, हा या आकड्यांचा अर्थ होय.

रुग्णाने काय करावे

सर्वप्रथम, आपण मद्य घेतो किंवा नाही, घेत असल्यास किती व कितीदा, हे डॉक्टरांना न लपविता सांगावे. घरची मंडळी बरोबर असल्याने संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकांतात बोलावे. ही माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. खरी माहिती मिळाल्यास यकृतास कमी अपायकारक असा दुसरा उपचार निवडता येतो, औषधाची मात्रा ठरविता येते आणि तपासण्यांचे वेळापत्रक आखता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे, मद्य सोडण्याचा निश्चय करावा. मात्र अनेक वर्षे दररोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तसे केल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर त्रास उद्‌भवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे काम सुरक्षितपणे पार पडते. मद्य सोडताच चट्टे नाहीसे होतील, असे आश्वासन कोणी देऊ नये आणि कोणी त्यावर विश्वासही ठेवू नये. परंतु मद्य सुटले की औषधांना वाव मिळतो, यकृत सावरते, झोप व भूक सुधारते आणि आजार आटोक्यात ठेवणे सुकर होते.

त्याबरोबर त्वचा कोरडी पडू न देणे, स्नानानंतर लगेच खोबरेल तेल अथवा पेट्रोलियम जेली लावणे, खाजविणे टाळणे, वजन आटोक्यात ठेवणे, धूम्रपान सोडणे आणि मनाने औषध बंद न करणे ही पथ्ये पाळावीत.

उपलब्ध साहाय्य

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग व मानसोपचार विभाग हे दोन्ही उपलब्ध असतात. सोरायसिसच्या मद्यपी रुग्णास या दोन्ही विभागांची सांगड घालूनच खरा दिलासा मिळू शकतो. व्यसनमुक्तीच्या कार्यात महाराष्ट्रास स्वतःची परंपरा आहे. पुणे येथे १९८६ साली डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने असंख्य कुटुंबांना आधार दिला आहे. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेच्या सभांमध्ये मद्यमुक्त झालेल्या व्यक्ती परस्परांना विनामूल्य साहाय्य करतात. व्यसनमुक्तीसंबंधी मार्गदर्शनाकरिता १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक, तर मानसिक आरोग्याकरिता २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

कुटुंबीयांचा आणि समाजाचा वाटा

रुग्ण मद्य सोडू इच्छितो तेव्हा त्यास सर्वाधिक गरज असते ती घरच्यांच्या आधाराची. त्याचे ताट वेगळे काढू नये, अंथरूण दूर टाकू नये. पाठीवर मलम लावण्यास मदत करणारा आपल्या माणसाचा हात हा औषधाइतकाच गुणकारी असतो. व्यसनावरून घालून-पाडून बोलण्याऐवजी त्यास उपचारासाठी सोबत नेणे अधिक हितावह ठरते. केशकर्तनालय, शाळा, कार्यालय, कारखाना या ठिकाणी ‘हा आजार पसरत नाही’ एवढे एकच वाक्य ठामपणे सांगणारी व्यक्ती असली, तरी रुग्णाचे निम्मे ओझे हलके होते.

भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले असून औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याच्या दिशेने प्रयत्न करण्याचे मार्गदर्शन केले आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत महिलांनी मतदानाच्या मार्गाने ‘आडवी बाटली’चा कौल देऊन दारूची दुकाने बंद केली, हा लोकशक्तीचा प्रत्यय होय. मात्र दुकान बंद झाले म्हणजे कार्य संपले, असे नाही. त्या गावातील आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि तेथे त्याने मन मोकळे केले पाहिजे.

सोरायसिस होणे हे कोणाच्या हाती नसते. मद्याचा पेला दूर सारणे मात्र योग्य साहाय्य मिळाल्यास शक्य असते. रुग्णाचा प्रामाणिकपणा, डॉक्टरांची आस्था आणि आप्तेष्टांचा जिव्हाळा या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर हे दुष्टचक्र भेदता येते. ज्या घरात असा रुग्ण असेल, त्या घरातील मंडळींनी पुढील तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत जावे आणि आजवर न सांगितलेली गोष्ट डॉक्टरांना सांगण्याचे धैर्य त्यास द्यावे.